‘अन्य’ बकुळचं बोरन्हाण

माझी नात बकुळ ‘अन्य’ आहे, हे मला तिच्या शाळेच्या फॉर्मवरून कळलं.

फॉर्म साधाच होता. नाव, वय, रक्तगट, आणि सातव्या रकान्यात ‘घर की भाषा’. त्यापुढे चौकोन होते. हिंदी, भोजपुरी, बांग्ला, उर्दू, नेपाली, तेलुगू आणि सगळ्यांत शेवटी, दाराबाहेर काढून ठेवलेल्या चपलेसारखं, ‘अन्य’. आमच्या सूनबाई हिमानी यांनी निमूटपणे ‘अन्य’पुढे खूण केली आणि कागद माझ्यापुढे सहीला ठेवला. मी चष्मा पुसून पुन्हा वाचला. आमचं घराणं काशीत मंगला गौरीच्या गल्लीत नऊ पिढ्या राहतंय. माझ्या खापरपणजोबांनी पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर बसून शिष्यांकडून वेद घोकून घेतला. मी स्वतः चौतीस वर्षं इंटर कॉलेजात संस्कृत शिकवून अर्ध्या बनारसचे उच्चार सुधारले. आणि आम्ही अन्य.

“बाबा, ऑप्शन ही नहीं था,” हिमानी म्हणाली.

हिमानी अल्मोड्याची. लग्न होऊन आली तेव्हा पहिलं वर्षभर मोठ्या उत्साहानं मराठी बोलायची. मीही हौसेनं तिचं एकेक वाक्य दुरुस्त करून द्यायचो. पुढे का कोण जाणे, तिनं सोडून दिलं. तेव्हापासून या घरात हिंदी शिरली असं माझं मत आहे, आणि ते मी वेळोवेळी बोलून दाखवलेलं आहे. आमचे चिरंजीव आदित्य बँकेत असतात, त्यामुळे त्यांना घरी आल्यावर कसलंच मत नसतं.

आता फॉर्मचं एक वेळ सोडा. खरी गोष्ट अशी की, चार वर्षांची बकुळ शाळेत जायला लागल्यापासून मराठीत बोलेनाशी झाली होती. आधी निदान अर्धं-मुर्धं बोलायची. आता मी मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर, आणि फारच लावून धरलं की सरळ आजीच्या पदराआड. मला तोंडानं कबूल करवत नव्हतं, पण धास्ती बसली होती. नऊ पिढ्या परमुलखात टिकलेली भाषा माझ्या डोळ्यांदेखत एवढ्याशा पोरीपाशी येऊन संपणार, आणि वर सरकारदरबारी नोंद राहणार की ती मुळात नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी मी मफलर गुंडाळून शाळेत गेलो.

शाळेचं नाव ‘फुलवारी’. दोन गल्ल्या सोडून एका तीन मजली घरात ती भरते. तिच्या मुख्याध्यापिका मैत्रेयी मैडम नुकत्याच कुठलंसं पाच दिवसांचं शिबिर करून आल्या होत्या. विषय होता बालशिक्षणातली सांस्कृतिक विविधता. मी भांडायच्या तयारीनं गेलो होतो, तर बाईंनी उठून मला खुर्चीच दिली.

“मोघेजी, हमें तो आप ही की तलाश थी,” त्या म्हणाल्या.

शिबिरात त्यांना सांगितलं होतं की लहान मुलाला वर्गात त्याच्या घरची भाषा ऐकू आली पाहिजे, घरचे सण दिसले पाहिजेत, म्हणजे मूल खुलतं. हे मला शंभर टक्के पटलं. मी म्हटलं, मग मराठीचा चौकोन काढा. त्यावर बाईंनी एक फाइल उघडली. चौकोन असा काढता येत नाही. आधी त्या संस्कृतीचा एक कार्यक्रम शाळेत व्हायला हवा, इतर मुलांचा त्यात सहभाग हवा, आणि मुख्य म्हणजे मुलानं स्वतः घरच्या भाषेत चार वाक्यं बोललेली चित्रफीत जोडायला हवी. मग समिती बसणार, मग चौकोन.

“बकुल बोलती है ना घर में?” त्यांनी विचारलं.

“अखंड,” मी म्हणालो. खोटं बोलायची मला सवय नाही, त्यामुळे कान गरम झाले.

घरी येऊन मी जाहीर केलं की शाळेत संक्रांतीचं बोरन्हाण होईल. पाच वर्षांच्या आतली मुलं, काळी झबली, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, रेवड्या ओतायच्या आणि बाकीच्या पोरांनी त्या लुटायच्या. इतका निर्मळ, इतका बालसुलभ संस्कार आख्ख्या भारतात दुसरा नाही. आमची ही, म्हणजे इंदू, वाती वळता वळता म्हणाली, “अहो, घरच्या घरी करू की. पाच मुलं बोलावू, मी पोहे करीन.” पण पोह्यांनी चौकोन मिळत नसतो.

परिपत्रक मी स्वतः लिहिलं, शुद्ध हिंदीत. ‘मकर संक्रांति के पावन पर्व पर समस्त शिशु काले वस्त्र धारण करके पधारें। उनके मस्तक पर फल एवं धान्य उँडेला जाएगा।’ मजकुरात एकही चूक नव्हती. संध्याकाळी ते पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर गेलं आणि पाऊण तासात शाळेतल्या सव्वीसपैकी एकोणीस घरांनी कळवलं की त्यांची मुलं त्या दिवशी आजारी पडणार आहेत.

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. नऊ पिढ्या काशीत राहून आम्ही संक्रांतीला काळं नेसतो, पण आमच्या घरातल्या घरात. बाकीचं बनारस त्याच दिवसाला खिचड़ी म्हणतं, पहाटे गंगेत बुडी मारतं आणि शुभ दिवशी काळ्या रंगाचं नाव काढत नाही. त्यात मी लिहून बसलो होतो की लहान मुलांना काळे कपडे घालून आणा, आम्ही त्यांच्या डोक्यावरून धान्य ओतणार आहोत. खालच्या मजल्यावरचे चौबेजी दिवसभर उंबऱ्यावर बसून गल्ली चालवतात. त्यांनी मला थांबवून हलक्या आवाजात विचारलं, “गुरुजी, ई उतारा केकर हौ?”

म्हणजे कुणाची तरी बाधा मी या सव्वीस पोरांवर उतरवतोय, अशी हवा होती. चौतीस वर्षं ज्या गल्लीनं मला वाकून नमस्कार केला, त्या गल्लीत मी मांत्रिक झालो.

मैडमनी बैठक बोलावली. मुकुल नावाचे एक तरुण पालक लॅपटॉप घेऊनच आले. त्यांचं म्हणणं, बोरात बी असते, ती घशात अडकते. दुसऱ्या एकांनी उसाला हरकत घेतली, कारण दात. शेंगदाण्याची कुणाला तरी अ‍ॅलर्जी निघाली. रेवडी कडक. हलवा त्याहून कडक. हरभऱ्याच्या घाट्यांत अळी असू शकते. शेवटी निर्विवाद असा एकच पदार्थ उरला, चुरमुरे, आणि त्यालाही इथे लाई म्हणतात, तेव्हा तो आमचा राहिलाच कुठे. मग मैडमना वाटलं की विविधता म्हणजे सर्वांची. एका बंगाली आईनं संदेश ही मिठाई आणायचं कबूल केलं, एका घरून खजूर येणार होता, एक पंजाबी आजी गच्चक, म्हणजे त्यांच्याकडची तिळाची चिक्की, आणणार होत्या. हे सगळं मुलांच्या डोक्यावर ओतायचं की हातात द्यायचं, यावर वीस मिनिटं चर्चा झाली. संदेश हातात द्यायचा ठरला. काळा रंग ऐच्छिक ठरला. बोरं चालतील, पण बी काढून, चिरून. आणि नाव ठरलं ‘बहुसांस्कृतिक बेर-उत्सव’.

मी घरी येऊन आडवा झालो.

दत्तात्रेयभटजी समाचाराला आले. हे घाटावर पूजा सांगतात आणि आमच्या मराठी मंडळींत धर्मशास्त्राचा शेवटचा शब्द त्यांचा. “श्रीनिवासपंत, काळं नाही, ऊस नाही, हलवा नाही, मग याला बोरन्हाण कशाला म्हणायचं? नुसती बोरं धुतली म्हणा,” ते म्हणाले. मग दोन कप चहा पिऊन त्यांनी सल्ला दिला की मुळात पोरीला नाशकाला मावशीकडे ठेवा, भाषा आपोआप येईल. नाशकाला आमची कुणी मावशी नाही. पण सल्ला देणाऱ्याला एवढा तपशील लागत नाही.

त्यानंतर थंडी पडली. बनारसची थंडी ठाऊक नसेल तर सांगतो, धुक्यात पंचगंगा घाटावरून समोरचं गंगेचं पाणी दिसत नाही, नुसते नावाड्यांचे आवाज येतात. जिल्ह्याचा आदेश निघाला, आठवीपर्यंतच्या शाळा तीन दिवस बंद. संक्रांत त्यातच गेली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा आदेश, आणखी तीन दिवस. बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत चालतं, म्हणून मी धीर धरून होतो. पण बोरं धीर धरत नाहीत. पहिली तीन किलो मऊ पडली, ती गाईला गेली. दुसरी तीन किलो आणली. इंदूनं ती बिया काढून चिरली, तेवढ्यात पुन्हा आदेश. गल्लीतली गाय आता मला पाहिलं की उठून उभी राहायची.

या सुट्टीचा मी सदुपयोग केला. रोज सकाळी दहा ते अकरा, उन्हाची तिरीप आली की, मी बकुळला समोर पाटावर बसवून चार वाक्यं शिकवू लागलो. माझं नाव बकुळ. आम्ही काशीत राहतो. आम्ही घरी मराठी बोलतो. मला बोरं आवडतात. याहून सोपं काही असेल तर सांगा.

“मेरा नाव बकुळ,” ती म्हणाली.

“असं नाही म्हणायचं. नीट बोल. परत म्हण.”

“माझा नाम बकुळ.”

“असं नाही म्हणायचं. परत म्हण.”

तिसऱ्यांदा ती माझ्याकडे न पाहता पाटाच्या कडेची खीळ उकरू लागली. इंदू आतून म्हणाली, “अहो, जरा दम खाऊ द्या तिला.” मी म्हणालो, मूळ पाया कच्चा राहिला की इमारत कोसळते. चौथ्या दिवशी बकुळ पाटावर बसली, पण तोंड उघडीना. पाचव्या दिवशी पाट दिसला की रडू लागली. मला राग नव्हता हो. रडू मलाही येत होतं, फक्त माझ्या वयाला ते शोभत नाही.

हिमानी यात कुठेच नव्हती. ती दुपारची आपल्या खोलीत दार लोटून काहीतरी करत बसायची. एक दिवस बाहेर आली ती हातात काळं झबलं घेऊन. बारीक चांदण्यांची खडी होती त्यावर. दुसऱ्या हातात मुकुट, बाजूबंद आणि हार, सगळं साबुदाणे ओवून केलेलं. मोबाइलवर बघून बघून आठ दिवस खपली होती. माझ्यापुढे धरून उभी राहिली.

मी नीट पारखून पाहिलं. “हे हलव्याचे असतात. साबुदाण्याचे नसतात,” मी म्हणालो.

“जी, बाबा,” ती म्हणाली आणि आत गेली. इंदूनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पेपर उघडला.

अखेर रथसप्तमीच्या आदल्या दिवशी शाळा उघडली आणि कार्यक्रम दुसऱ्या दिवशी गच्चीवर ठरला, ऊन मिळावं म्हणून. चिरून ठेवलेली बोरं रात्रीतून काळीठिक्कर पडली होती. म्हणजे बकुळचं झबलं सोडलं तर कार्यक्रमात शास्त्रानुसार काळी अशी तीच एक वस्तू. तेवीस मुलं आली. केशरी, पिवळी, गुलाबी, एक तर सांताक्लॉजच्या टोपीत. मध्ये पाटावर बकुळ, साबुदाण्याचा मुकुट घातलेली. खरं सांगतो, फार गोड दिसत होती.

मैडमनी भाषण केलं, त्यात विविधता हा शब्द अकरा वेळा आला. इंदूनं ओवाळलं. मी पितळी मापानं बोरं, लाई आणि मैडमनी मंजूर केलेले मऊ बत्तासे बकुळच्या डोक्यावरून ओतले आणि हात पसरून बाकीच्या पोरांना म्हणालो, “लूटो, बच्चों।”

कुणी हललं नाही.

तेवीस मुलं हाताची घडी घालून, ओळीत, जमिनीवरच्या खाऊकडे पाहत उभी होती. मी पुन्हा म्हणालो. एका मुलीनं हात वर करून सांगितलं, “नीचे गिरी चीज़ नहीं उठाते।” मागून बाकीच्यांनी तेच सुरात म्हटलं. या शाळेत पहिल्या महिन्यात जर काही पक्कं करून घेतलं असेल, तर ते एवढंच. मी मैडमकडे पाहिलं. मैडम मुलांकडे अभिमानानं पाहत होत्या, मग त्यांच्या लक्षात आलं. त्या म्हणाल्या, आज उठाओ. मुलं बावरली, कारण काल नाही म्हटलं होतं. मी खाली वाकून, या वयात, दोन बोरं उचलून लुटून दाखवली. तेव्हा टोपीतला मुलगा भोकाड पसरून रडला, आणि एक रडला की बावीस रडतात.

त्या आवाजानं म्हणा किंवा बोरांच्या वासानं म्हणा, शेजारच्या गच्चीवरून माकडं आली. सात मोठी आणि एक पोटाशी पिल्लू धरलेली. त्यांना कुणी काही शिकवलेलं नव्हतं. त्यांनी बोरं लुटली, लाई लुटली, बत्तासे लुटले, संदेशाचा डबा उघडून लुटला आणि जाताना एकानं माझा मफलर नेला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती असं म्हणतात, त्याच्या संस्कृत अवताराचा मी आयुष्यभर वर्गात नुसता वाक्यात उपयोग करून दाखवला होता. बोरन्हाण शास्त्रोक्त झालं ते त्या आठांचंच.

मुलांना खाली वर्गात नेलं. मी जिन्यात बसून राहिलो. सगळं संपलं होतं, पण मैडम हाती घेतलेलं सोडणाऱ्या नव्हत्या. समितीला चित्रफीत हवी होती. त्यांनी बकुळला खुर्चीवर उभं केलं, भोवती मुलं, मागे पालक, आणि मोबाइल समोर धरून प्रेमानं म्हणाल्या, “बकुल, घर में जो मराठी बोलते हैं ना, वो सुनाओ।”

मी उठून वर्गाच्या दारात आलो होतो. तिथूनच ओठांनी ‘माझं नाव बकुळ’ करून दाखवत होतो. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग मुकुट सारखा केला, उजव्या हाताचं बोट वर केलं, भुवया जवळ आणल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

“असं नाही म्हणायचं. नीट बोल. परत म्हण.”

टाळ्या पडल्या. एवढं स्वच्छ मराठी मी स्वतः कधी बोललो नसेन. सूर माझा, ठसका माझा, ‘परत’ म्हणताना मान हलवायची लकबही माझी. मुकुलसाहेब म्हणाले, वाह. मैडम भारावून म्हणाल्या, “कितना साफ़ उच्चारण। अर्थ क्या हुआ, मोघेजी?”

मी हिमानीकडे पाहिलं. ती खाली वाकून मुलीच्या हारातून सुटलेले साबुदाणे फरशीवरून वेचत होती. तिला अर्थ विचारायची गरज नव्हती. सहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा हे वाक्य तिलाच ऐकवलं होतं मी, दिवसातून दहा वेळा. या घरात मराठी कुणी बुडवली याचा तपास मी इतकी वर्षं करत होतो, आणि आरोपी रोज सकाळी दाढी करताना मला आरशात दिसत होता.

“कहती है, सबका स्वागत है,” मी म्हणालो. त्या महिन्यातलं माझं दुसरं खोटं.

समितीनं चित्रफीत एकमतानं मंजूर केली. पंधरा दिवसांनी नवा फॉर्म आला. सातव्या रकान्यात तेलुगूच्या खाली, ‘अन्य’च्या वर, ‘मराठी’ असा चौकोन छापून आला होता. सोबत चिठ्ठी होती की बकुळसारखे उच्चार इतर मुलांचेही व्हावेत, तरी मी दर शुक्रवारी वर्गात यावं. चौबेजींनी गल्लीभर सांगितलं. दत्तात्रेयभटजी पेढे घेऊन आले आणि म्हणाले, नाशकाला न पाठवता जमवलंत. हिमानीनं मराठीपुढे खूण केली आणि कागद सहीला माझ्यापुढे ठेवला. मी पेन घेऊन बसलो. सही करताना काही तरी खोटं लिहितोय असं वाटत होतं, पण केली.

उन्हाची तिरीप आली होती. पाट भिंतीला उभा होता, तो मी पाहिला नाही असं केलं. बकुळ माझ्या खुर्चीपाशी आली. समोरच्या ताटलीत मोसमातली शेवटची चार बोरं होती, न चिरलेली, बियांसकट.

“आजोबा, मुझे एक बोर द्या ना,” ती म्हणाली.

माझी जीभ टाळूला लागली. चौतीस वर्षांची सवय, ती काय लगेच जाते. मी दात घट्ट मिटून बसलो. बकुळ माझ्या तोंडाकडे बघत थांबली. थोडा वेळ गेला, काहीच आलं नाही, तसं तिनं मान खाली घातली आणि हळूच विचारलं,

“परत म्हणू?”

“नको गं बाळा,” मी म्हणालो, आणि ताटली तिच्यापुढे सरकवली.